पुरावा जोडा

लग्नाची पत्रिका हातात आली की नाना ती आधी खिडकीकडे धरायचे. चष्मा कपाळावर सरकवायचे, पत्रिका एकदा आडवी, एकदा उभी करायचे आणि डोळे बारीक करून तिच्या आरपार पाहायचे. पत्रिका द्यायला आलेला माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन ताटकळत उभा. मग प्रश्न यायचा, "मुहूर्त कोणी काढला? ऐकलाय की पाहिलाय?"

"गुरुजींनी पंचांगात पाहून सांगितलाय, नाना."

"म्हणजे गुरुजींनी पाहिलाय. तुम्ही ऐकलाय." एवढं झालं की ते पेढा घ्यायचे.

विजेचं बिल, किराण्याची पावती, डॉक्टरांची चिठ्ठी, कुठलाच कागद या खिडकीतून सुटला नाही. तुमच्याही कॉलनीत असा एखादा माणूस असेल. सगळे त्याला हसत असतील आणि कुठं सही करायची वेळ आली की कागद घेऊन त्याच्याचकडे जात असतील. आमच्याकडे ते नाना होते. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तर ते मूळ कागदावर तसंच आहे का हे तुम्ही पाहिलंत का, असं त्यांनी आधी विचारलं असतं.

आम्ही दोघं नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये होतो, तपासणीच्या खात्यात. छापून आलेल्या कागदातली खोट शोधायची, हे आमचं काम. संध्याकाळी भोंगा झाला की मी ते काम तिथंच सोडून यायचो. नाना ते डोळ्यांत घालून घरी न्यायचे. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "शेजारी" म्हणायचे, अगदी खात्यात साहेबांसमोरसुद्धा.

त्यांच्या आईला मी पाहिलं आहे. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. गोदावरी त्यांचं नाव. सगळे गोदाबाई म्हणत, मी आई म्हणायचो. किडकिडीत अंग, नऊवारी, येवल्याकडची बोली आणि दिवसभर काहीतरी निवडत बसलेली बाई. नवरा गेल्यावर त्यांनी अंगावरचं सगळं उतरवलं होतं. फक्त काळ्या दोऱ्यात ओवलेला एक चांदीचा टाक तेवढा गळ्यात असायचा. टाक म्हणजे देवघरात असतो तसाच, नखाएवढा, बाईची मूर्ती ठोकलेला. माझी बायको माहेरी गेली की मी त्यांच्याकडे जेवायला असायचो. नानांच्या ताटात पहिली भाकरी पडायच्या आधी आईंची बोटं त्या टाकाला लागायची. दर जेवणाला. एकदा मी विचारलं, "आई, कुठली देवी ही?"

"हाय एक," त्या म्हणाल्या. "तुमी जेवा, बाबा. गार व्हतंय."

मला वाटलं, कुलदेवी असेल. नानांनाही तेच वाटत होतं. जगातला प्रत्येक कागद उजेडाला धरणाऱ्या माणसानं आईच्या गळ्यातली ही वस्तू कधी हातात घेऊन पाहिली नाही. आईच्या गळ्याकडे असं कोण पाहतं म्हणा. आई गेल्या तेव्हा त्यांनी तो टाक धुऊन देवघरात ठेवला आणि रोज त्याला गंध लावू लागले.

नाना निवृत्त झाले आणि त्याच सुमारास त्यांच्या परदेशातल्या एका पुतणीनं घराण्याचा वंशवृक्ष इंटरनेटवर मांडला. प्रत्येक माणसाची एक चौकट, चौकटींना जोडणाऱ्या रेघा, आणि चौकटीखाली स्रोत लिहायला जागा. ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली, ते तिथं लिहायचं. घराण्यातल्या कोणालाही त्यात भर घालता येत होती, आणि तिथंच सगळं बिघडलं. पुण्याचा एक जण आजीचं नाव बदलायचा, संगमनेरचा दुसरा ते परत फिरवायचा. स्रोताच्या जागी कोणी "सगळ्यांना माहीत आहे" लिहायचं, कोणी नुसता नमस्काराचा हात. पुतणी कंटाळली आणि तिनं व्यवस्थापक म्हणून नानांना बसवलं. त्या दिवशी नाना दाढी करून कॉम्प्युटरसमोर बसले होते.

त्यांनी माहितीच्या तीन जाती पाडल्या. पाहिलेलं, लिहिलेलं आणि ऐकलेलं. पाहिलेलं सगळ्यांत वर, पण पाहणारा जिवंत हवा आणि त्यानं स्वतः सांगायला हवं. लिहिलेलं चालेल, पण कागदाचा फोटो हवा. त्यासाठी ते स्वतः पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे जाऊन बसले, त्यांच्या चोपड्यातली आपल्या घराण्याची पानं शोधली, फोटो काढून आणले. ऐकलेलं मात्र वृक्षावर चढायचं नाही. कोणी चढवलं की नाना ते उतरवायचे आणि खाली दोन शब्द लिहायचे. "पुरावा जोडा." पुढं कृपया नाही, मागं नमस्कार नाही.

मतभेद झाला की तिसरा माणूस लागतो, म्हणून त्यांनी मला त्या वृक्षावर संपादक करून घेतलं. माझं त्यांच्या घराण्याशी नातं काय, तर मध्ये एक भिंत. मी तसं म्हणालोसुद्धा.

"म्हणूनच," ते म्हणाले. "तुम्हाला यातल्या कोणाचं काही पडलेलं नाही. तुमच्यावर कोणी रुसणार नाही."

रुसले सगळे त्यांच्यावर. येवल्याजवळच्या गावी त्यांची एक म्हातारी आत्या होती, वडिलांची धाकटी बहीण. तिच्या नातवानं तिच्या चौकटीत जन्माची नोंद केली, गावच्या आडाला पाणी लागलं ते साल. नानांनी ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. मी तिथंच बसलो होतो, आणि आत्याचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"नाना, म्हंजी मी जल्मलेच नाय का काय?"

"जन्मलीस आत्या. कधी, ते माहीत नाही."

"मला माहीत हाय की!"

"तू ऐकलंयस. स्वतःचा जन्म कोणी पाहिलेला नसतो."

"लय शाना झाला तू," आत्या म्हणाली आणि फोन बंद झाला. मला हसू आवरेना. नाना हसले नाहीत. "वाईट वाटलं तिला," ते म्हणाले, आणि नोंद तशीच ठेवली.

आता विलास. विलास म्हणजे नानांचा चुलतभाऊ, त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. बँकेतून निवृत्त, सिडकोत बंगला, बोलणं मोठं. विलासनं वृक्षाच्या वरच्या टोकाला एक पणजोबाचा आजोबा बसवला आणि तो पेशव्यांच्या फौजेत घोडेस्वार होता असं लिहिलं. चौकटीत फोटोही घातला. इंटरनेटवरून उतरवलेला कोणीतरी फेटेवाला, हातात भाला. स्रोताच्या जागी लिहिलं, "वडिलांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं."

नानांनी घोडेस्वार उतरवला. विलासनं पुन्हा चढवला. नानांनी पुन्हा उतरवला. हा खेळ पावसाळाभर चालला. मी संपादक, म्हणून दोघंही मला फोन करायचे. मी विलासला म्हणालो, घोडा काढा, नुसतं नाव ठेवा. नानांना म्हणालो, घोडा राहू द्या, खाली 'कुटुंबात असं सांगतात' एवढं लिहा. दोघांनीही ऐकलं नाही. तिसऱ्या माणसाची ही अवस्था असते.

शेवटी ते एका लग्नात समोरासमोर आले. नाशिक रोडचंच कार्यालय होतं, म्हणून मीही होतो. पंगत बसली होती. विलास वाढप्याला थांबवून मोठ्यानं म्हणाला, "नाना, तुम्ही आमच्या पूर्वजाला घोड्यावरून खाली ओढलंत!"

"मुळात तो घोड्यावर बसला होता का, एवढंच विचारलंय," नाना म्हणाले. "आपल्या घराण्यात घोड्यावर बसलेला मी पाहिलाय तो नवरदेव. तोही भाड्याच्या."

पंगत हसली. पलीकडच्या बायका हसल्या, वाढपीही हसला. विलास हसला नाही. त्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. पान अर्धं टाकून तो उठला आणि नानांपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "माझे वडील मरताना खोटं बोलले का?"

"खोटं नाही म्हणत मी," नाना म्हणाले. "पुरावा नाही."

इथं मला नानांचा राग आला होता. एका घोड्यानं कोणाचं काय जाणार होतं? बाप मरताना मुलाला काहीतरी देऊन गेला होता, राहू द्यायचं होतं. घरी येताना रिक्षात मी तसं बोललोही. नाना बाहेर बघत म्हणाले, "शेजारी, एक खोटी नोट सोडली की बाकीच्या सगळ्या खोट्या." आमच्या खात्यात हे वाक्य रोज म्हटलं जायचं. तिथं ते बरोबर होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी नानांनी भिंतीवर टकटक केली. आमच्यात बोलावण्याची ती रीत होती. मी गेलो तर ते कॉम्प्युटरसमोर बसलेले, चष्मा कपाळावर. पडद्यावर त्यांच्या आईची चौकट उघडी होती. ती चौकट त्यांनी फार जिवापाड केली होती. अंगणात मेथी निवडत बसलेल्या आईंचा फोटो, महापालिकेचा मृत्यूचा दाखला, सगळं. वृक्षावर तिच्याइतकी नेटकी चौकट दुसरी नव्हती.

त्या चौकटीवर आता लाल खूण आली होती. एका माणसाच्या दोन मृत्युतारखा, असा इशारा. विलासनं आदल्या दिवशी एक कागद जोडला होता. तालुक्याच्या जागेहून काढलेला मृत्युनोंदीचा उतारा. नाव गोदावरी. नवऱ्याचं नाव, गाव, आडनाव, सगळं नानांच्या वडिलांचं. मृत्यूचं कारण, बाळंतरोग. आणि तारीख नानांच्या जन्मानंतरची, बारसंही झालं नसेल इतकी लगेचची. खाली विलासनं एकच ओळ लिहिली होती. "पुरावा जोडला आहे."

"कारकुनाची चूक," मी म्हणालो.

"असेल," नाना म्हणाले. "पाहायला पाहिजे."

आम्ही येष्टीनं येवल्याला गेलो. मी त्यांना वाटेत सांगत राहिलो की गावात गोदावऱ्या काय कमी असतील, नवऱ्याचं नाव जुळलं असेल, लिहिणाऱ्याची डुलकी असेल. नाना हं हं करत होते. तिथल्या कचेरीत माणूस भला होता. त्यानं जुनं पुस्तक काढून दाखवलं आणि नवा उतारा करून दिला. नानांनी तो खिडकीकडे धरला. आडवा, उभा. कचेरीतली माणसं बघत होती. एरवी दोन मिनिटांत खाली येणारा हात त्या दिवशी बराच वेळ वरच राहिला.

"कागद खरा आहे," ते म्हणाले. "आत्याकडे जाऊ."

आत्या ओट्यावर बसून कांदे निवडत होती. नानांना पाहून तिनं तोंड फिरवलं. जन्माची नोंद तिच्या मनातून गेली नव्हती. नाना तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि कागद पुढं धरला. आत्याला वाचता येत नव्हतं. पण कागद कशाचा आहे हे तिनं त्यांच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असावं.

"कुनी दिला ह्यो?"

"विलासनं."

"मेल्यानं दावला का शेवटी," आत्या म्हणाली आणि हातातला कांदा खाली ठेवला.

मग तिनं सांगितलं. तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं, तेव्हा ती परकरात होती. नानांची जन्मदाती बाळंतपणातून उठलीच नाही. वर्ष व्हायच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. नाना तेव्हा रांगत होते. आपल्याकडे सून घरात आली की तिचं नाव बदलतात, तांदळात नवं नाव लिहितात, तुम्हाला ठाऊकच आहे. नानांच्या आजीनं नव्या सुनेला गेलेल्या सुनेचंच नाव दिलं. गोदावरी.

"पोराला कदी कळू नये म्हनून," आत्या म्हणाली. "कुनी गोदा म्हनून हाक मारली तर पोरानं हिच्याकडंच बगावं. आई बदलली आसं वाटू नये त्याला. आन् सवतीचा टाक घातला हिच्या गळ्यात, रीत व्हती ती. पर हिनं नुस्ता रीत म्हनून न्हाई घातला. तुला भरवायच्या आदी तिला इचारायची ती. घालू का गं तुज्या लेकराला, आसं. मी ऐकलंय."

नाना म्हणाले, "तिला स्वतःचं मूल?"

"न्हाई झालं. ती म्हनायची, हाय की माजा."

मला माझं ताट आठवलं. पहिली भाकरी पडायच्या आधी टाकाला लागणारी बोटं आठवली, आणि "हाय एक" हेही. मी उठून रांजणापाशी गेलो आणि उगाच पाणी प्यायलो.

मागून नानांचा आवाज आला. "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"समद्यांना. गोदीनं शपत घातली व्हती." आत्यानं कांदा पुन्हा हातात घेतला. मग जे बोलली ते मला अजून टोचतं. "आन् ती गेल्यावर सांगितलं आसतं कुनी, तर तू काय म्हनला आसता? कागुद दाव, म्हनला आसता."

परतीच्या गाडीत, निफाड मागं गेल्यावर, नाना एकदम म्हणाले, "शेजारी, तुम्ही तिला पाहिलंत ना? मला जेवायला वाढताना?"

"कितीदा तरी."

"मग ते पाहिलेलं आहे," ते म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघू लागले. मला बरं वाटलं. मला वाटलं, यातून त्यांनी वाट काढली.

मी त्यांना ओळखलंच नव्हतं म्हणायचं. घरी पोचल्यावर हातपाय धुऊन ते सरळ कॉम्प्युटरसमोर बसले. आधी देवघरातून टाक आणला. नोटा तपासायचं भिंग लावून पाहिला. इतक्या वर्षांच्या बोटांनी मूर्ती गुळगुळीत झाली होती. नाक नाही, डोळे नाहीत, नाव तर नव्हतंच. मग त्यांनी जन्मदातीची वेगळी चौकट केली, विलासचा कागद तिला जोडला, आणि आपल्या चौकटीची रेघ आईंकडून काढून तिच्याकडे नेली.

"नाना, हे नका करू," मी म्हणालो.

"का?"

"कशाला? कोणाला पाहिजे आहे हे?"

"विलासच्या घोडेस्वाराला मी हाकललं. मग हिला कुठल्या तोंडानं ठेवू?"

मी म्हणालो, नातं ठेवा, प्रकार बदला. ती सोय होती. नात्यावर बोट ठेवलं की यादी उघडायची, जन्मदाती, दत्तक, सावत्र. दत्तक तर नव्हतं. नानांची नजर तिसऱ्या शब्दावर थांबली.

"सावत्र?" ते म्हणाले. "मी तिला सावत्र म्हणू?"

"मग मी जे पाहिलं त्याचं काय? गाडीत तुम्हीच म्हणालात."

"तुम्ही तिला जेवू घालताना पाहिलंत. जन्म देताना नाही. इथं तेवढंच विचारतात. कोणी जेवू घातलं, त्याचा रकाना नाही."

आणि त्यांनी यादी बंद केली. आई आता नानांच्या वडिलांशेजारी दुसरी पत्नी म्हणून उभ्या होत्या, मेथी निवडणाऱ्या फोटोसकट. ज्या चौकटीखाली मूल नसतं तिथं तो वृक्ष आपोआप एक तुटक रेघांची रिकामी चौकट काढतो. आत अधिकाचं चिन्ह आणि दोन शब्द. "अपत्य जोडा." नाना त्या शब्दांकडे बघत बसले. मला त्या माणसाचा इतका संताप आला, आणि इतकी दया आली, की मी चपला न घालताच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर विलासला फोन केला. "तुझा कागद मी तपासला. बरोबर आहे. नोंद दुरुस्त केली." पलीकडे विलास काहीतरी बोलू लागला. नाना, मला तसं नव्हतं म्हणायचं, रागाच्या भरात झालं, असं काहीसं असावं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही नाही, कागद चांगला आहे." मग फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटर उघडलेला मी पाहिला नाही. भिंतीवरची टकटकही बंद झाली. माझ्या नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलो, तर त्यांनी ती घेतली, खिडकीकडे धरली नाही, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "छान आहे." मुहूर्त कोणी काढला, हेही विचारलं नाही. पेढा मात्र घेतला, पण तो त्यांच्या हातातच राहिला.

थंडीत ते गेले. झोपेतच. नानांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, भिंतीवर टकटक केली तेव्हा मला आधी आनंदच झाला, इतक्या दिवसांनी नाना बोलावताहेत म्हणून. पुढचं मला लिहवत नाही.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. गुरुजी नानांच्या मुलाला एकेक नाव विचारत होते, आणि मुलगा सांगत होता. आजीचं नाव विचारलं. "गोदावरी," तो म्हणाला. गुरुजींनी नाव घेतलं, पाणी सोडायला सांगितलं आणि पुढं गेले. कुठली गोदावरी, असं त्यांनी विचारलं नाही. कागद मागितला नाही.

विलास तिथं होता. रडत होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आधीच, नाना गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, नानांच्या चौकटीत मृत्यूची तारीख चढली होती आणि तिला दाखल्याचा फोटोही जोडलेला होता. व्यवस्थापक आता विलास आहे. घोडेस्वार पुन्हा घोड्यावर बसला आहे. त्याच्याखाली स्रोत म्हणून लिहिलं आहे, "कौटुंबिक परंपरा." ते उतरवणारा आता कोणी राहिलेला नाही.

मी अजून संपादक आहे. मला काढायचं कोणाच्या लक्षात आलेलं नाही, किंवा विलासची हिंमत झालेली नाही. तेरावा झाल्यावर मी आईंची चौकट उघडली. खाली "अपत्य जोडा" होतंच. मी त्यावर टिचकी मारली, नानांचं नाव लिहिलं आणि यादीतला पहिला शब्द निवडला, जन्मदाती. हे खोटं आहे, मला ठाऊक आहे. नोटा तपासण्यात माझा जन्म गेला, खोटं मला कळतं. पण यादीतला दुसरा शब्द लागू नव्हता आणि तिसरा नानांना आईसाठी वापरवला नव्हता. स्रोताच्या जागी मी लिहिलं, "पाहिलेलं. ताटात पहिली भाकरी पडायच्या आधी या बाईंची बोटं टाकाला लागायची. पाहणारा जिवंत आहे. शेजारी."

संध्याकाळपर्यंत ती नोंद उतरवली गेली होती. खाली विलासनं दोन शब्द लिहिले होते. "पुरावा जोडा."

तेव्हापासून हे चाललं आहे. सकाळी चहा झाला की मी भिंतीपलीकडे जाऊन नानांच्याच कॉम्प्युटरवर त्यांना त्यांच्या आईखाली जोडतो. दिवसभरात कधीतरी विलास ते काढतो. आम्ही एकमेकांना फोन करत नाही. आज सकाळीही मी जोडून आलो आहे. वहिनी विचारतात, "काय करता रोज तिथं?" मी सांगतो, "काही नाही, नानांचं जरा काम राहिलंय."